निरोपाचा भाग आधी लिहा, घोषणा नंतर करा

वर्षानुवर्षे दर आठवड्याला चालवलेली कथामालिका आता थांबवावी, असा विचार ज्यांच्या मनात घोळू लागला आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मालिका सुरू कशी करावी, ठरलेल्या वारी मजकूर कसा तयार ठेवावा आणि सुचत नसेल तेव्हा काय करावे, हे तुम्हाला अनुभवाने ठाऊक आहेच. थांबावे कसे, हे मात्र कोणी सांगत नाही. मलाही ते सोपे गेले नाही आणि मालिका संपून बराच काळ लोटला तरी मजकूर द्यायच्या दिवशी सकाळी मन आपसूक त्या पात्रांकडे वळते.

सर्वांत मोठा धोका घोषणा आणि शेवटचा भाग यांच्या मधल्या काळात असतो, म्हणून त्याविषयी सविस्तर सांगते. एका काल्पनिक वस्तीतल्या माणसांच्या छोट्या कथा मी लिहीत होते. मालिका लवकरच संपणार असल्याचे मी वाचकांना कळवले आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. पत्रे इतकी जिव्हाळ्याची होती की ती वाचून झाल्यावर लगेच लिहायला बसले, की लेखणीत तोच गहिवर उतरायचा. पुढच्याच भागात वस्तीतल्या शिंप्याने दुकान बंद केले, त्यानंतरच्या भागात शाळेतल्या बाईंची बदली झाली, मग चौकातले जुने झाड पडले. प्रत्येक कथा सुटी वाचली असता बरी होती, पण एका वाचकाने पत्रात एकच प्रश्न विचारला, ‘सगळेच वस्ती सोडून का चालले आहेत?’ त्या प्रश्नाने मला दिसले की निरोप शेवटच्या भागात राहिलाच नव्हता. तो आधीच्या सगळ्या भागांत झिरपला होता, आणि खऱ्या निरोपाची वेळ येईपर्यंत सांगण्यासारखे काही उरणार नव्हते. हे कोणाच्याही बाबतीत घडू शकते, कारण आपण जात आहोत हे एकदा जाहीर केले की लेखकाला आपली पात्रेही जाताना दिसू लागतात.

यावर मला सापडलेला उपाय सांगते. शेवटच्या भागाचा पक्का खर्डा घोषणेच्या आधी लिहून ठेवावा आणि मधले भागही शक्य तेवढे आधीच पूर्ण करावेत. पत्रे जरूर वाचावीत, पण लिहिण्याच्या दिवशी वाचू नयेत. घोषणा चार-पाच वाक्यांत आटपावी. मालिका कधी संपणार, का संपणार आणि तोवर काय वाचायला मिळणार, एवढे वाचकाला कळले म्हणजे पुरे.

घोषणा आणि शेवट यांत अंतर किती असावे, याची दोन उदाहरणे मला फार मोलाची वाटतात. ‘कॅल्व्हिन अँड हॉब्स’ ही चित्रमालिका 1985 पासून चालवणाऱ्या बिल वॉटरसन यांनी 9 नोव्हेंबर 1995 रोजी संपादकांना पत्र लिहून वर्षअखेरीस थांबत असल्याचे कळवले आणि 31 डिसेंबरला शेवटचे चित्र प्रसिद्ध झाले. त्या चित्रात ताज्या बर्फात खेळायला निघालेला मुलगा आणि वाघ आहेत, निरोपाचे भाषण नाही. याउलट, 1950 पासून ‘पीनट्स’ काढणाऱ्या चार्ल्स शुल्झ यांना आजारपणामुळे थांबावे लागले. त्यांनी शेवटच्या रविवारच्या चित्रातच वाचकांना उद्देशून निरोपाचे पत्र लिहिले. ते 13 फेब्रुवारी 2000 रोजी छापून आले आणि त्याच्या आदल्याच दिवशी त्यांचे निधन झाले होते. मालिकेच्या आतूनच निरोप घ्यायचा की वाचकांशी थेट बोलायचे, यांपैकी कोणताही मार्ग पत्करला तरी चालेल. दोन्हींची सरमिसळ मात्र करू नका. पात्रांच्या तोंडून लेखकाचे आभार वदवणे मला कधीच पटलेले नाही.

शेवटचा भाग लहान असावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्यांनंतर पसायदान अवघ्या नऊ ओव्यांचे आहे. त्यात स्वतःच्या श्रमाचा उल्लेख ‘वाग्यज्ञ’ या एका शब्दात येतो आणि पुढचे मागणे जगासाठी आहे. आपण त्या योग्यतेचे नसलो तरी हे प्रमाण शिकण्यासारखे आहे. थकवा आला असेल तर तो लपवू नये. सॅम्युअल जॉन्सन यांनी दोन वर्षे आठवड्यातून दोनदा निबंध लिहिले आणि 14 मार्च 1752 च्या शेवटच्या, 208व्या निबंधात स्पष्ट सांगितले, की ठरावीक दिवशी लिहिण्याचे बंधन घेणाऱ्याला अनेकदा विखुरलेल्या चित्ताने आणि आजारी शरीराने कामाला बसावे लागते. एवढ्या मोठ्या लेखकाने हे मोकळेपणाने मांडले, तर आपल्याला संकोच वाटण्याचे कारण नाही.

‘थोडी विश्रांती घेत आहोत, लवकरच भेटू’ असे मात्र खरोखर परतायचे असेल तरच लिहा. थांबण्याचा निर्णय झालेला असताना असे लिहिणे ही वाचकाची फसवणूक आहे. तो वाट पाहत राहतो आणि तुम्हीही नव्या कामात पूर्ण मनाने शिरू शकत नाही. ‘ऐन भरात असतानाच थांबावे’ हा ज्येष्ठांचा आवडता सल्लाही मी फारसा मानत नाही. भर कोणता, हे मागे वळून पाहतानाच कळते, आणि उतरती कळा लागलेल्या मालिकेलाही नीट शेवट मिळण्याचा हक्क असतो. जुन्या भागांतले निवडक उतारे जोडून शेवटचा भाग तयार करण्याची पळवाट तर मुळीच काढू नये. इतकी वर्षे सोबत राहिलेल्या वाचकाला शेवटचे नवे पान देणे आपण लागतो.

अर्धवट राहिलेल्या धाग्यांची धास्ती घेऊ नका. पहिल्या भागापासून सगळे वाचून काढा आणि वाचकाला दिलेली वचने वेगळ्या कागदावर उतरवा. माझ्या कथांत टपालवाल्याकडे पत्ता चुकलेले एक पाकीट सुरुवातीपासून पडून होते आणि वाचक त्याविषयी सारखे विचारत, त्यामुळे ते उघडणे भाग होते. शिंप्याच्या मुलाचे लग्न जमले की नाही, हे मात्र कोणीही विचारले नव्हते. ते तसेच राहिले आणि कोणाचे काही अडले नाही. प्रत्येक पात्राची सोय लावायला गेलात, तर शेवटचा भाग हजेरीपटासारखा होईल.

शेवटचा भाग गेल्यावर काही आठवडे रिकामे वाटतील. त्या काळात नवी मालिका जाहीर करू नका, कितीही गळ घातली तरी. पत्रांना उत्तरे देण्यासाठी हाच काळ योग्य आहे, कारण आता त्यांचा परिणाम कथेवर होणार नसतो. सगळे भाग तारखेनुसार लावा, राहिलेल्या चुका दुरुस्त करा, दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा आणि पुनःप्रकाशनाचे हक्क कोणाकडे आहेत ते प्रकाशकाकडून लेखी घ्या. संपलेल्या मालिकेलाही नवे वाचक मिळत राहतात, आणि त्यांना पहिला भाग सहज सापडेल याची तजवीज आपणच करायची असते.