शफलबॉटम आडनावाचा माग काढताना या चुका टाळा

दुर्मीळ इंग्रजी आडनावांच्या मागे लागलेले नवखे लोक ठरलेल्या जागीच अडखळतात. शफलबॉटमचंच उदाहरण घेते.

आडनाव कानाला कसं वाटतं यावरून त्याचा अर्थ लावू नका. पत्ते पिसण्याशी त्याचा काही संबंध नाही. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात बेरी गावाजवळच्या शिपरबॉटम या जागेवरून ते पडलं. मेंढ्या धुवायची सोय असलेली दरी, असा त्या जागेचा अर्थ. शेजारच्या रॅम्सबॉटममधलं 'बॉटम'सुद्धा दरीचंच.

एकच स्पेलिंग धरून बसू नका. पाद्री चर्चच्या नोंदवहीत कानावर पडेल तसं नाव लिहायचे, म्हणून शफलबोथम, शिपरबॉटम, शूबॉटम ही सगळी रूपं सापडतात. साउंडेक्सवर, म्हणजे उच्चाराने सारखी वाटणारी नावं एका कोडखाली आणणाऱ्या पद्धतीवर, भिस्त ठेवाल तर फसाल: शफलबॉटमचा कोड एस १४१, शिपरबॉटमचा एस १६१. एक शोधताना दुसरं दिसणारच नाही. मी वहीच्या पहिल्या पानावर सगळी रूपं लिहून ठेवते आणि प्रत्येक नोंदवहीत एकेक करून बघते. वेळ लागतो, पण घाई असेल त्याने या वाटेला येऊच नये.

सर्वांत जास्त घात करतात त्या तारखा. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. ओळखीच्या एका गृहस्थांना चर्चच्या वहीत आईवडिलांचं लग्न एप्रिल १७२० मध्ये आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२० मध्ये सापडला. त्यांनी लगेच मूल लग्नाआधीचं ठरवलं, त्याला दुसरा बाप शोधला आणि त्या बापाची अख्खी शाखा वंशावळीत जोडली. प्रत्यक्षात तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७२१ चा, लग्नानंतर दहा महिन्यांचा! वहीचं मागचं-पुढचं पान उलटलं असतं तरी डिसेंबरनंतर जानेवारी त्याच सालाखाली चाललेला दिसला असता. एका बाईची बदनामी झाली आणि ती वंशावळ इतरांनी डोळे मिटून उतरवून घेतली, याचा मला अजून राग येतो. जानेवारी ते २४ मार्चमधली प्रत्येक तारीख मी १७२०/२१ अशीच लिहिते.

१८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांची वयं बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, त्यावरून जन्मसाल पक्कं करू नका. 'घराण्याचं मानचिन्ह' विकत घेऊ नका, ते व्यक्तीला मिळतं, आडनावाला नाही.

१८८१ च्या जनगणनेत हे आडनाव कुठे कुठे होतं त्याचा नकाशा बघून उगमही ठरवू नका. तोवर गिरण्या आणि कोळशाच्या खाणींमागे माणसं पांगली होती, त्यामुळे दाट ठिपके काम कुठे होतं ते सांगतात. १८३७ पासून जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी आहे. तिथून एकेक पिढी मागे जात चर्चच्या वह्यांपर्यंत या, त्या १५३८ पासूनच्या मिळू शकतात.

आणि नोंदींतल्या नावांच्या तयार सूचीवर थांबू नका, मूळ पानाचं छायाचित्र उघडा. जुन्या हस्ताक्षरात लांब 'एस', म्हणजे 'एस'चं जुनं उंच रूप, 'एफ'सारखा दिसतो. सूची करणाऱ्याने दोन 'एफ'चे दोन 'एस' वाचले, की तुमचा शफलबॉटम भलत्याच नावाखाली जातो. माझ्या वहीतल्या रूपांच्या यादीत म्हणून 'शसलबॉटम'सुद्धा आहे.