परसबाग: बी आणण्याआधी पाण्याला वाट काढा (उत्तरा-हस्त नक्षत्रांसाठी सल्ला, सोलापूर)

उत्तरा तोंडावर आहे, त्यामागे हस्त. घरामागची पडीक जागा साफ करून यंदा पहिल्यांदाच भाजी लावायचं ज्यांनी मनावर घेतलंय, त्यांनी बी-रोपं आणायला निघण्याआधी चर काढावा. बाकी सगळं आठवडाभर मागं-पुढं चालेल, चर चालणार नाही.

सोलापूरचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे आपल्याला सवय पाणी कमी पडण्याच्या धास्तीची. पाणी जास्त होऊन पीक जाईल हे इथं कुणाच्या मनातच येत नाही. पण या पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरात पडतो आणि पडतो तो दणक्यानं. ऑक्टोबर २०२० आणि सप्टेंबर २०२५ कुणी विसरलं नसेल. सीनाकाठचा पूर बाजूला ठेवा. नदीपासून लांबच्या रानातही तूर उभ्या उभ्या वाळलेली, कांद्याची रोपं वाफ्यातच बसलेली आणि डाळिंबाला मर लागलेली मी पाहिली आहे. औषधाला हजारो रुपये घातलेले, पण बांधाकडेनं पाणी काढून द्यायला कुदळ मारलेली नाही.

परसाची गत रानापेक्षा वाईट असते. घर बांधताना उरलेला राडारोडा, सिमेंट, चुना तिथंच दाबलेला असतो. त्यावर चोपण झालेली काळी माती, तिन्ही बाजूंनी कंपाउंडची भिंत. पाणी खाली जात नाही आणि बाजूलाही सरकत नाही. त्यात गच्चीचा पाइप नेमका तिथंच सोडलेला! हजार चौरस फुटांच्या गच्चीवर २५ मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे २,३०० लिटर पाणी खाली येतं. ते तुमच्या मेथीच्या वाफ्यात येऊ द्यायचं की बाहेर काढायचं, हे आजच ठरवा. पाइपला तोटी लावून पाणी पिंपात किंवा शोषखड्ड्यात सोडा. शेजाऱ्याच्या भिंतीत आणि आपल्या घराच्या पायात मात्र सोडू नका.

जागा कशी आहे हे तपासायला पैसे लागत नाहीत. एक फूट लांब-रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्या. काठोकाठ पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी खड्ड्यात पाणी दिसलं तर सपाट जमिनीत काहीही लावू नका. माझा एक अदमासही सांगतो, पुस्तकात शोधायला जाऊ नका: साफसफाई करताना ज्या कोपऱ्यात लव्हाळा दाट दिसतो, तिथंच पाणी धरतं. चराची सुरुवात त्या कोपऱ्यातून करा.

गादीवाफा तीन फूट रुंद ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो. उंची किमान ९ इंच, लांबी जागेप्रमाणे. भिंतीपासून दोन फूट सोडा. दोन वाफ्यांमध्ये फूटभराचा चर आणि सगळ्या चरांचा उतार एकाच तोंडाकडे, ते तोंड आवाराबाहेर उघडणारं. तोंडाशी वीट, पालापाचोळा, पोरांचा चेंडू अडकला तर सगळी मेहनत वाया जाते. आभाळ भरून आलं की आधी तिथं नजर टाका. काळ्या मातीत चार घमेली वाळू टाकून काही होत नाही. चांगलं कुजलेलं शेणखत घाला, ताजं शेण नको. त्यानं हुमणी आणि वाळवी येते.

आता नवख्यांचा नेहमीचा घोळ. माती ओली आहे आणि तरी सकाळीच रोपानं मान टाकली आहे. माणूस घाबरून अजून पाणी ओततो. पानं पिवळी पडली की दुकानात जातो, आणि दुकानदार ह्युमिकची बाटली, शेवाळाचा अर्क, वर एखादं ‘टॉनिक’ हातात ठेवतो. असं एक रोप आधी उपटून बघा. मूळ तपकिरी पडलं असेल आणि दोन बोटांत धरून ओढल्यावर साल निघून नुसता दोरा हातात राहिला, तर ते मूळ हवेविना कुजलंय. त्याला कुठलीच बाटली लागू पडणार नाही. मूळ पांढरं आणि धड असेल, कोवळं पान पिवळं पण शिरा हिरव्या असतील, तर चुनखडीमुळे लोह कमी पडतंय. फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम फवारा, स्वस्तातलं काम आहे.

बाकीची कामं:

- गाजर गवत फुलाआधी मुळासकट उपटा. हातमोजे घाला, अंगाला खाज सुटते.
- लव्हाळ्याच्या गाठी वेचत राहा. परसात तणनाशक नको.
- मोरीचं साबणाचं पाणी पालेभाजीला नको. केळीला, कर्दळीला सोडा.
- बीजप्रक्रिया: ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी), किलोभर बियाला ५ ग्रॅम.
- शेणखतातून ट्रायकोडर्मा: १०० किलोला १ किलो, ओलसर करून सावलीत आठवडाभर झाकून ठेवा.
- रोपं कोलमडू लागल्यास: कॉपर ऑक्सिक्लोराइड (बुरशीनाशक), १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम, मुळाशी. ट्रायकोडर्मासोबत देऊ नका.
- मावा, तुडतुडे: निंबोळी अर्क ५ टक्के (५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर, गाळून), पिवळे चिकट सापळे.
- माती परीक्षण: खत घालण्याआधी नमुना द्या.

लावायचं काय? पहिल्या वर्षी मेथी, पालक, शेपू, मुळा, रगडून फोडलेले धने, कुंपणावर वाल. वांगी-मिरचीची आठ-दहा रोपं पुरे. पालेभाजी तीन-तीन आठवड्यांनी पुन्हा पेरत गेलात तर येळवशीच्या (वेळा अमावस्येच्या) भज्जीला घरची मेथी होईल आणि गड्ड्यापर्यंत (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेपर्यंत) बाजाराची पिशवी हलकी राहील. पपईचा मोह होतो, पण पाणी धरणाऱ्या परसात ती लावू नका. बुंध्याशी दोन दिवस पाणी उभं राहिलं की गेलीच. शेवगाही तसाच, त्याला ढिगावरच बसवा.

पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी वाफ्यात पाय टाकू नका, ओली काळी माती दबून विटेसारखी होते. चरात उतरा, साचलेलं पाणी फावड्यानं पुढं ढकला. माती हातात घेऊन गोळा वळेनासा झाला, भुगा होऊ लागला की मग हलकी खुरपणी. पुढचं पाणी बोट मातीत दोन पेरं घालून बघून द्या. आत ओल लागली तर त्या दिवशी नळ बंदच ठेवा.