फिजीची माणसं कशी मोजायची आणि त्यांच्या घरी कसं जायचं

फिजीबद्दल मराठीत लिहायला बसलं की पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य हमखास येतं: "निम्मे फिजियन, निम्मे भारतीय." हे वाक्य १९८६ साली जवळपास खरं होतं. आज नाही. तरी ते एकाच्या लेखातून दुसऱ्याच्या लेखात उतरत राहतं, आणि जाणारा माणूसही तेच डोक्यात घेऊन विमानात बसतो. म्हणून आधी आकडे नीट करू, मग नावं, आणि मग लोकांच्या घरी जाण्याचं बघू.

आकडा उचलताना साल बघा

फिजीत जनगणना साधारण दहा वर्षांनी होते: १९८६, १९९६, २००७, २०१७. मधलं अंतर एकदा अकरा वर्षांचं आहे, हे वाढीचा वार्षिक दर काढताना विसरू नका. २०१७ ची एकूण लोकसंख्या ८,८४,८८७. म्हणजे आपल्याकडच्या मध्यम महानगरपालिकेएवढा देश, पण तो तीनशेहून अधिक बेटांवर पसरलेला. त्यातल्या शंभरेक बेटांवरच वस्ती आहे आणि बहुसंख्य लोक विती लेवू या एकाच मोठ्या बेटावर राहतात.

वांशिक गटांची टक्केवारी हवी असेल तर २००७ ची घ्या. २०१७ च्या जनगणनेचे निकाल आले तेव्हा गटवार आकडे त्यात दिलेच नव्हते. त्यामुळे "२०१७ नुसार भारतीय ३७ टक्के" असं कुठे दिसलं, तर ते जुनं कापड नव्या गिऱ्हाइकाला विकलंय असं समजा. पक्के आकडे असे: १९८६ मध्ये भारतीय वंशाचे ३,४८,७०४ (४८.७ टक्के) आणि मूळ रहिवासी ३,२९,३०५ (४६ टक्के). १९९६ मध्ये भारतीय ३,३८,८१८ (४३.७ टक्के). २००७ मध्ये भारतीय ३,१३,८०१ (३७.५ टक्के), मूळ रहिवासी ४,७५,७३९ (५६.८ टक्के).

नुसते टक्के लिहिलेत तर वाचकाला वाटेल की एका गटाला मुलं जास्त झाली, एवढंच. म्हणून संख्या सोबत द्या. अकरा वर्षांत भारतीय वंशाचे २५ हजार लोक प्रत्यक्ष कमी झाले. त्याची कारणं दोन. १९८७ आणि २००० मधल्या सत्तापालटांनंतर सिडनी-ऑकलंडकडे लोकांची रीघ लागली. दुसरं कारण जमिनीचं, आणि ते फारसं कुणी लिहीत नाही. देशातली ८५ टक्क्यांहून अधिक जमीन मूळ रहिवाशांच्या कुळांच्या सामाईक मालकीची आहे आणि ती विकता येत नाही. भारतीय शेतकरी त्यावर ऊस करत ते भाडेपट्ट्याने. १९७६ च्या कायद्याखालचे पट्टे १९९७ पासून संपू लागले. अनेकांचे वाढवून मिळाले नाहीत. कुटुंबं शेत सोडून सुवा या राजधानीच्या आसपास किंवा थेट परदेशी गेली.

"फिजियन" म्हणजे कोण?

हा शब्द जुन्या आणि नव्या कागदांत वेगवेगळ्या अर्थानं येतो. जुन्या जनगणनेत "फिजियन" म्हणजे फक्त मूळ रहिवासी. २०१० पासून त्यांना सरकारी कागदांत "इताउकेई" म्हणतात, आणि २०१३ च्या राज्यघटनेनुसार देशाचा प्रत्येक नागरिक "फिजियन" आहे. तेव्हा १९९६ च्या तक्त्यातला "फिजियन" हा शब्द आजच्या लेखात उतरवताना "इताउकेई" करा. नाहीतर तुमच्या लेखात शेतकरी भारतीय आपोआप परका ठरतो, आणि तुम्हाला तसं म्हणायचंही नसतं.

"गिरमिटिया" हा शब्दही सरसकट लावू नका. १४ मे १८७९ ला भारतीय मजुरांचं पहिलं जहाज, लिओनिडास, पोचलं, तिथून १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसं पाच वर्षांच्या करारावर आली. 'ॲग्रीमेंट'चं गिरमिट झालं. भरतीची बंदरं कलकत्ता आणि १९०३ पासून मद्रास. फिजीतले गुजराती सोनार, शिंपी, दुकानदार मात्र नंतर स्वतःच्या खर्चानं आले. त्यांना गिरमिटिया म्हटलं तर ते दुरुस्त करतील, आणि बरोबरच करतील.

उरलेल्या साडेपाच-सहा टक्क्यांना "इतर" म्हणून सोडून देणं हा आळस आहे. रोतुमा हे सुवाच्या उत्तरेला सहाशेहून अधिक किलोमीटरवरचं बेट. तिथले लोक पॉलिनेशियन, भाषा अगदी निराळी, आणि आज बहुतेक रोतुमन विती लेवूवर राहतात. राम्बी बेटावरचे लोक मूळचे बानाबाचे: फॉस्फेटच्या खाणींनी त्यांचं बेट पोखरलं गेलं आणि डिसेंबर १९४५ मध्ये त्यांना इथे आणून उतरवलं. शेजारचं किओआ बेट तुवालू देशातल्या वैतुपू बेटाच्या लोकांनी पैसे मोजून विकत घेतलं. शिवाय मळ्यांवर आणलेल्या सॉलोमन बेटांच्या मजुरांचे वंशज, चिनी, आणि मिश्र वंशाचे "काई लोमा".

नावं देवनागरीत कशी लिहायची

इथे मराठी माणूस इंग्रजीवाल्यापेक्षा फायद्यात आहे, कारण आपल्याकडे अनुस्वार आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी फिजियन भाषेला रोमन लिपी दिली तेव्हा एका ध्वनीला एकच अक्षर ठेवलं. म्हणून 'बी' म्हणजे म्ब, 'डी' म्हणजे न्द, 'सी' म्हणजे इंग्रजी 'this' मधला 'th' (जीभ दातांत धरून, द च्या जवळचा; इथे तो थ असा लिहिलाय), 'क्यू' म्हणजे ंग. 'जी' म्हणजे नुसता ङ, पण तोही आपण ंग असाच लिहितो. विमानतळाचं गाव "नाडी" नाही, नांदी. "सिगाटोका" नाही, सिंगातोका. "लाबासा" नाही, लंबासा. "बेका" किंवा "बेक्वा" नाही, म्बेंगा. "मामानुका" नाही, मामानुथा. ट, ड कुठेही नाहीत. सगळे त, द. "बुला" हे अभिवादन म्बुला असं उच्चारतात, पण पाहुण्यानं बुला म्हटलं तरी चेहरे खुलतात.

कोरोत जाताना

कोरो म्हणजे इताउकेई गाव. ते सार्वजनिक ठिकाण नाही. कुणाच्या तरी अंगणात शिरल्यासारखंच समजा. परवानगी मागण्याच्या विधीला सेवुसेवु म्हणतात आणि त्याला यांगोना लागते. मिरीच्या कुळातल्या झुडपाची ही मुळं.

शहरातल्या बाजारातून सुक्या मुळांची जुडी घ्या, साधारण अर्धा किलो. मुळांना वाका म्हणतात. खोडाचे तुकडे स्वस्त असतात, पण भेटीसाठी वाकाच मागा. विक्रेत्याला "सेवुसेवु" एवढं सांगितलं की तो वर्तमानपत्रात गुंडाळून वर फीत बांधून देतो. भुकटीचं पाकीट नेऊ नका. ती घरी प्यायला चालते. मान म्हणून पुढे ठेवायला मुळंच हवीत. एका गावाला एक जुडी. दोन गावं करणार असाल तर दोन.

कपडे: गुडघ्याखाली येणारा सुलू (आपल्या लुंगीसारखं कापड), खांदे झाकलेले. वेशीशीच टोपी काढा, गॉगल डोक्यावर चढवू नका, पाठीवरची बॅग हातात घ्या. डोकं हा मानाचा भाग, त्यामुळे पोरांच्या डोक्यावरून कौतुकानं हात फिरवायची आपली सवय इथे आवरायची. रविवारी जाऊ नका. तो दिवस चर्चचा, आणि बहुतेक इताउकेई मेथडिस्ट आहेत.

गावात आधी तुरांगा नी कोरोला, म्हणजे गावाचा कारभार बघणाऱ्याला, शोधायचं. फोटो आणि फिरणं नंतर. तो तुम्हाला घरात नेईल. चपला बाहेर. चटईवर मांडी घालून बसा; पाय लांब करून तळवे कुणाकडे, विशेषतः तानोआकडे (यांगोना कालवायच्या लाकडी परातीकडे), करू नका. जुडी समोर चटईवर ठेवा. बोलायचं काम तुमच्या वतीनं कुणीतरी करतं. तुम्ही गप्प बसलात तरी चालतं, किंबहुना तेच बरं.

मुळं कुटून पाण्यात कालवून गाळतात. नारळाच्या करवंटीत, म्हणजे म्बिलोत, ती आधी प्रमुखाला मिळते. तुमची पाळी आली की ओंजळ पोकळ ठेवून एक टाळी, "म्बुला", आणि एका दमात घटाघटा. म्बिलो परत देऊन तीन टाळ्या. चव मातकट, आणि जीभ बधिर होते; घाबरू नका. पहिला म्बिलो नाकारणं अपमानाचं, पुढचे नाकारता येतात. कमी हवी असेल तर "लो टाइड" म्हणा, भरून हवी तर "हाय टाइड". यकृताचा त्रास असेल तर मात्र आधीच सांगा, कुणी रागावत नाही. वरून दारू पिऊ नका आणि नंतर गाडी चालवू नका.

मध्येच उठावं लागलं तर बसलेल्यांसमोरून ताठ चालत जाऊ नका. वाकून, "तिलोऊ" (माफ करा) म्हणत जा. आणि भिंतीवरची चटई किंवा पंखा "किती सुंदर!" असं तीनदा म्हणू नका, यजमानाला तो तुम्हाला देऊन टाकावासा वाटेल, आणि त्याला परवडणारा नसेल. निघताना "विनाका वाकालेवू" (खूप आभार) आणि "मोथे" (निरोपाचा शब्द).

भारतीय घरात जाताना

इथे मराठी माणूस उलट चुकतो: सगळं ओळखीचं वाटतं म्हणून. घरातली भाषा फिजी हिंदी. ती अवधी-भोजपुरीच्या मिश्रणातून मळ्यांवर तयार झाली. 'क्या'ला "कोंची", मुकादमाला "कुलंबर", यांगोनाला "नंगोना". समोरच्यानं "तुम" म्हटलं तर उद्धटपणा समजू नका. आणि त्यांची हिंदी सुधारायला जाऊ नका. तुमच्या आमच्या मुंबईच्या हिंदीला तो अधिकार नाही. शाळेत आणि समारंभात ते शुद्ध हिंदी वापरतात, घरात नाही. राज्यघटनेनं प्राथमिक शाळेत संभाषणापुरती इताउकेई आणि फिजी हिंदी दोन्ही सक्तीच्या केल्या आहेत.

आडनावावरून जात काढायचा प्रयत्न करू नका. स्थलांतर पासावर माणसाचं नाव आणि बापाचं नाव असे. पुढच्या पिढ्यांत राम, प्रसाद, लाल अशी नावंच आडनावं झाली. जहाजावर एकाच पंगतीत जेवून जात बरीचशी तिथेच सुटली. तुम्ही ती विचारलीत तर जेवणाचा रंग बदलतो. "गाव कुठलं?" हेही जपून, अनेकांना जिल्ह्यापलीकडे माहीत नसतं. कुणी स्वतःहून विचारलंच की मूळ कसं शोधायचं, तर सुवाच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या पासांकडे बोट दाखवा: त्यावर जिल्हा, ठाणं, गाव, उंची आणि अंगावरची खूण लिहिलेली असते.

ताटात चपातीबरोबर दालो, म्हणजे अळकुडीच्या जातीचा कंद, आणि नारळाच्या दुधातली अळूची पानं दिसतील. शेजारच्या कोरोत रोटी आणि करी दिसेल. जेवणानंतर इथेही तानोआ पुढे येतो. विधी नाही, गप्पांपुरता. टाळी मात्र तशीच वाजवतात.