वकिलीची सनद असताना विनोदी सदर कसं लिहावं

विनोदी लिहायला बसलेला वकील पहिली चूक हमखास करतो. कोर्टात घडलेले विनोद जसेच्या तसे उतरवतो. साक्षीदार असं बोलला, जज्जसाहेब तसं म्हणाले, सगळे हसले. बार रूममध्ये चहाबरोबर हे खपतं, छापल्यावर नाही. माझी पहिली चार सदरं त्यातच गेली.

खरा माल जबानीच्या कागदावर असतो. उलटतपासात एका म्हाताऱ्याला मी विचारलं, आंबा कधी लावला? "लग्नाच्या आधी." लग्न कधी झालं? "आंबा लावल्यावर." हसले सगळे. पण कागदावर उतरलं ते असं: ‘आंबा मी लग्नापूर्वी लावला. माझे लग्न आंबा लावल्यानंतर झाले. हे म्हणणे खरे नाही की, मी आंब्याबाबत खोटे सांगत आहे.’ ही तिसरी ओळ कुठल्याही विनोदी लेखकाला सुचणार नाही.

म्हणून घरातलं क्षुल्लक भांडण घ्या, दूध कोणामुळे उतू गेलं वगैरे, आणि त्याचा रीतसर दावा करा. दाव्यास कारण कधी व कोठे घडले. चतुःसीमा: पूर्वेस बेसिन, पश्चिमेस सासूबाई. ‘सबब’ आणि ‘येणेप्रमाणे’ यांना हात लावू नका. मध्येच ‘गंमत म्हणजे’ लिहिलंत की दावा खर्चासह फेटाळला. अख्खं सदर मात्र या भाषेत नको, वाचकाला धाप लागते.

पुढे कादंबरीचा विचार असेल तर माणसं हळूहळू जमवा. वऱ्हाडात वकिली करणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या एवढ्यांवर लेखामागून लेख लिहिले. माझ्याकडे सध्या एकच कारकून आहे. पुढची तारीख त्याला जज्जच्या आधी कळते.

आता नियम. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम 51 वकिलाला पत्रकारितेची मुभा देतो, पण पूर्णवेळ नोकरी आणि जाहिरात चालत नाही. तेव्हा नावाखाली ऑफिसचा पत्ता छापू देऊ नका. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 132 खाली झाकलेलंच राहतं, काम संपलं तरीही. चालू केसच्या तर वाटेलाच जाऊ नका.

नाव-गाव बदललं की भागतं, असं मला वाटायचं. एका अशिलाचं नाव, गाव, धंदा, वाद, सगळं बदललं. काडी मोडलेली छत्री तेवढी ठेवली, ती सोडवेना. रविवारी सदर आलं. सोमवारी गृहस्थ कात्रण घेऊन हजर. टेबलावर ठेवलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, छत्री माझी आहे."

तेव्हापासून लिहिताना जी वस्तू सोडवत नाही, तीच मी आधी बदलते. वरतीही बदललीय. छत्री नव्हती ती.