समसंबंध : ‘कुठे काय असतं’चे प्रश्न असे सुटले

समसंबंधाच्या प्रश्नात पहिल्या जोडीत जो संबंध, तोच दुसऱ्या जोडीत जुळवायचा असतो. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत ‘तलवार : म्यान :: बाण : ?’ आलं की पुण्यातल्या माझ्या वर्गातली बरीच मुलं ‘धनुष्य’ निवडून मोकळी होत. जोडी ओळखीची, पण संबंध वेगळा. बाण धनुष्याने सोडतात, ठेवतात भात्यात.

लागू पडलेला उपाय असा. पर्याय हाताने झाकायचे आणि पहिल्या जोडीचं क्रियापदासकट वाक्य करायचं : ‘तलवार म्यानात ठेवतात.’ तेच वाक्य, त्याच क्रमाने, दुसऱ्या जोडीला लावायचं. मगच हात काढायचा.

खरी अडचण दोन पर्याय बसतात तेव्हा येते. ‘घोडा : तबेला :: वाघ : ?’ यात गुहा आणि पिंजरा दोन्ही दिलेले असतात. अशा वेळी वाक्य आणखी नेमकं करावं : ‘माणूस घोड्याला तबेल्यात ठेवतो.’ म्हणजे पिंजरा. पहिली जोडी ‘वाळवी : वारूळ’ असेल, तर घर प्राण्याने स्वतः बांधलेलं हवं, मधमाशीला पोळं, पेटी नाही.

गावांच्या प्रश्नात पातळी बघा. ‘सिंहगड : पुणे :: प्रतापगड : ?’ महाबळेश्वर जवळ आहे, महाराष्ट्रही खरंच. पण पुणे इथे जिल्हा आहे, म्हणून सातारा.

शब्दच माहीत नसेल तर युक्ती चालत नाही. पागा (घोड्यांची), पीलखाना (हत्तींचा), कणगी (धान्याची), खुराडं (कोंबड्यांचं), ढोली (झाडातली पोकळी), गोदी (जहाजांची) हे शब्द शहरातल्या मुलांकडून मुद्दाम पाठ करून घ्यावेत. पेपरात 75 प्रश्नांना 90 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 72 सेकंद. वाक्य करायला तेवढा वेळ पुरतो.