दादा-ताई पास झाले की क्लबकडे काय उरतं?

आमच्या कॉलेजचा कन्सल्टिंग क्लब बचत गट, छोटे दुकानदार, सामाजिक संस्था यांना त्यांच्या कामाबद्दल सल्ला देतो. दर मे महिन्यात शेवटच्या वर्षाची मंडळी जातात आणि क्लायंटबद्दल जे काही कळलेलं असतं, तेही त्यांच्याबरोबर जातं. पावसाळ्यात नवी टीम बचत गटाच्या त्याच ताईंकडे जाऊन तेच प्रश्न विचारते. ताई बिचाऱ्या पुन्हा पहिल्यापासून सांगतात. प्रोजेक्ट लीड म्हणून हे थांबवायला मी काय करते, ते लिहितेय.

आधी फीडबॅक. आपल्याकडे सेकंड इयरचा मुलगा भर मीटिंगमध्ये ‘दादा, तुझा हिशेब चुकलाय’ असं म्हणत नाही. ‘कुणाला काही सुचवायचंय?’ विचारलं की सगळे मोबाइलमध्ये बघतात. म्हणून क्रम उलटा लावा. सगळ्यांत ज्युनिअरने आधी बोलायचं, लीडने सगळ्यांत शेवटी. त्याआधी पाच मिनिटं प्रत्येकाने गुपचूप कागदावर लिहायचं, नाहीतर दुसरा पहिल्याचीच री ओढतो.

अमेरिकी लष्कराने १९७०च्या दशकात सरावानंतरच्या चर्चेसाठी जे प्रश्न रूढ केले, तेच चार पुरतात: काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. वेळ तिसऱ्यावर घालवा, आणि ‘कुणामुळे’ असं विचारू नका. ही बैठक क्लायंटकडून परतल्यावर त्याच दिवशी उरकायची, चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या झाली तरी चालेल. प्रोजेक्ट संपेपर्यंत थांबलात तर सबमिशन आणि ओरल्स सुरू झालेल्या असतात. मग ‘मस्त झालं यार’ एवढंच ऐकायला मिळतं.

लेखी शेरा देताना ‘छान आहे, जरा नीट कर’ असं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं. असं लिहा: ‘पापडाचा किलोमागचा खर्च काढलास, पण लाटणाऱ्या बायकांची मजुरी धरली नाहीस. ती धर आणि नफा पुन्हा काढ.’ यावर मुलगा कामाला लागतो.

आणि बघा, हा शेरा एकट्या त्या मुलापुरता नाही. घरच्या घरी काम करणाऱ्या बायका स्वतःची मजुरी खर्चात धरत नाहीत, हे पुढच्या प्रत्येक बचत गटाच्या कामात लागणार. म्हणून शेऱ्यातून जे पुढेही उपयोगी पडेल ते त्याच संध्याकाळी प्रोजेक्टच्या एकपानी नोंदीत टाका. मराठीतच, बोलतो तसं. आमच्या नोंदीतल्या काही ओळी अशा:

‘फोन दुपारी करा, सकाळी ताई कामात असतात. हिशेबाची वही सचिवांकडे आहे, अध्यक्षांना आकडे विचारू नका. इंग्रजी स्लाइड्स कुणी उघडल्या नाहीत. मराठीत एक पान दिलं, ते मासिक बैठकीत वाचलं गेलं. वेगळं पॅकिंग सुचवलं होतं, नाकारलं, कारण गिऱ्हाईक ओळखीचं आहे.’

नाकारलेल्या सूचना आणि त्यामागची कारणं मुद्दाम लिहा. फायनल रिपोर्टमध्ये ती कधीच नसतात, आणि नवी टीम हमखास तीच सूचना घेऊन जाते. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र यातलं काही ठेवू नका, तिथे आठवड्यात सगळं गाडलं जातं. दुसऱ्या टीमला नोंद दाखवायची असेल तर क्लायंटचं नाव, विक्रीचे आकडे, फोन नंबर काढून दाखवा. त्यांनी ते विश्वासाने दिलेले असतात.

हस्तांतर परीक्षेआधी करा. एका भेटीत जुना लीड बोलेल आणि नवा ऐकेल, पुढच्या भेटीत उलट. फाइली कुणाच्या वैयक्तिक गूगल ड्राइव्हमध्ये अडकू देऊ नका. कॉलेजकडून शेअर्ड ड्राइव्ह मागून घ्या, त्यातल्या फाइलींची मालकी एका माणसाची नसते. ते जमत नसेल तर कॉलेजचा ईमेल बंद व्हायच्या आत प्रत्येक फाइलची मालकी नव्या लीडच्या नावावर करा, आणि ती खरंच त्याच्या नावावर झाली का ते त्याच्याच लॅपटॉपवर उघडून बघा.