वाईट स्वप्नं आणि रात्रीचं खाणं: आपल्याला नेमकं काय बाधतं ते कसं शोधायचं

मनी वसे ते स्वप्नी दिसे हे बरोबरच आहे, स्वप्नात काय दिसणार ते बहुतेक दिवसभराच्या काळज्या आणि आठवणीच ठरवतात. पण मग डोक्यात टेन्शन तेच असताना काही रात्री गाढ झोप लागते आणि काही रात्री दचकून, घामाघूम होऊन जाग येते, असं का होतं? याचं उत्तर कधीकधी रात्रीच्या जेवणात सापडतं. आणि ते घरच्या घरी शोधता येतं, फक्त थोडा धीर धरून नीट नोंदी ठेवायला लागतात.

आधी हे होतं कसं ते समजून घ्या, कारण ते कळलं की पुढचे सगळे उपाय आपोआप पटतात. 1953 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेतली एक वेगळी अवस्था दाखवून दिली, ज्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, तिला आपण रेम झोप म्हणतो, आणि सगळ्यात रंगतदार, लांबलचक स्वप्नं याच अवस्थेत पडतात. साधारण दर 90 मिनिटांनी ती येते, रात्रीच्या सुरुवातीला थोडाच वेळ टिकते आणि पहाटेकडे वाढत जाते. आता महत्त्वाची गोष्ट अशी की स्वप्न पडलं म्हणजे ते आठवेलच असं नाही, रेम चालू असताना किंवा ती संपता संपता जाग आली तरच ते बहुतेक लक्षात राहतं. म्हणजे पोट फुगलंय, छातीत जळजळतंय, लघवीला जायचंय, अशा कुठल्याही कारणाने पहाटे सारखी झोपमोड झाली की एरवी विसरून गेलो असतो ती स्वप्नंसुद्धा सकाळी आठवतात आणि वाटतं की आजकाल फारच स्वप्नं पडतायत. त्यात शरीर अस्वस्थ असेल तर स्वप्नाचा सूरही बिघडू शकतो. अमुक पदार्थ खाल्ला की अमुक स्वप्न पडतं असं काही नसतं, त्यामुळे तसल्या याद्या वाचण्यात वेळ घालवू नका.

कॅनडात टोरे निल्सन आणि रसेल पॉवेल या संशोधकांनी यावर बरंच काम केलंय. त्यांचा 2015 सालचा 396 विद्यार्थ्यांचा सर्वे होता, त्यात जवळपास 18 टक्क्यांनी सांगितलं की खाण्यामुळे आमच्या स्वप्नांवर परिणाम होतो, आणि सगळ्यात जास्त दोष दुधाच्या पदार्थांना दिला. 2025 मध्ये त्यांच्या टीमचा हजाराहून जास्त विद्यार्थ्यांचा सर्वे आला, त्यात असं म्हणणारे साडेपाच टक्क्यांच्या आसपासच होते, पण ज्यांना दूध पचत नाही म्हणजे त्यातली लॅक्टोज नावाची साखर बाधते त्यांच्यात वाईट स्वप्नांचा त्रास जास्त दिसला. हे सगळं लोकांनी स्वतः सांगितलेलं आहे, त्यामुळे कारण आणि परिणाम पक्का सिद्ध झाला असं नाही, पण शोध कुठून सुरू करावा हे त्यातून नक्की कळतं.

तर आता कामाला लागू. पहिले दोन आठवडे खाण्यात काहीच बदल करू नका, फक्त लिहा. उशाशी वही पेन ठेवा, मोबाइल नको कारण तो हातात घेतला की स्वप्न पुसलंच म्हणून समजा. रात्री झोपण्याआधी लिहायचं की शेवटचं काय खाल्लं, किती वाजता, पोट कसं आहे, चहा कॉफी दारू किती वाजता घेतली, औषधं कुठली घेतली, आणि आज डोक्यात काही मोठं टेन्शन होतं का. ही टेन्शनची नोंद अजिबात गाळू नका, कारण टेन्शन असलं की आपण उशिरा आणि अरबट चरबट खातो आणि मग दोष सगळा खाण्यावर जातो. सकाळी डोळे उघडल्यावर न हलता जरा वेळ पडून राहा, जे आठवेल ते दोन ओळीत लिहा, स्वप्न किती त्रासदायक होतं त्याला शून्य ते पाच आकडा द्या आणि रात्री किती वेळा जाग आली तेही लिहा.

दोन आठवड्यांनी वही उलटी वाचा, म्हणजे आधी वाईट रात्री शोधा आणि मग त्या दिवशी काय समान होतं ते बघा. जो संशयित वाटेल तो एकच बदला, बाकी सगळं तसंच ठेवा, आणि पुन्हा दोन आठवडे थांबा. सगळं एकदम बंद केलं तर बरं वाटेलही, पण कशामुळे वाटलं ते कधीच कळणार नाही आणि उगाच दहा पदार्थ आयुष्यभर सोडून बसाल.

बहुतेकांनी सुरुवात जेवणाच्या वेळेपासून करावी असं मला ठामपणे वाटतं, कारण काहीच सोडायला लागत नाही. झोपायच्या दोन-तीन तास आधी जेवण उरका. आडवं झाल्यावर भरल्या पोटातलं अ‍ॅसिड वर येतं, आंबट ढेकर येतात आणि झोप तुकड्या तुकड्यात होते. तेलकट जेवण पोटात जास्त वेळ राहतं, म्हणून तसं काही असेल तर ते दुपारी खा. जळजळीचा त्रास असेलच तर पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच करा आणि डाव्या कुशीवर झोपून बघा. पण उपाशीही झोपू नका, भुकेनेही झोप मोडते, काहीतरी हलकं खाल्लेलं चालतं.

दुधाचा संशय असेल तर एक चांगली युक्ती आहे. रात्रीचं दूध बंद करण्याऐवजी लॅक्टोज-फ्री दूध आणा आणि घरातल्या कुणाला तरी सांगा की काही दिवस हे दे, काही दिवस नेहमीचं दे, कुठलं ते मला सांगू नको, वेगळं लिहून ठेव. नंतर दोन्ही नोंदी जुळवून बघा. दूध बाधतं असं मनाने आधीच घेतलेलं असलं की नुसत्या धास्तीनेही झोप बिघडते, ती भानगड यात बरीच कमी होते. लॅक्टोज-फ्री दूध जरा गोड लागतं त्यामुळे ओळखू येऊ शकतं, मग दोन्हीत कोको पावडर घाला, पण चमचा छोटाच ठेवा कारण कोकोतही थोडं कॅफिन असतं. बरेच दिवस मुरवलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज फारच कमी असतं, त्यामुळे दूध बाधतं म्हणून चीजही बाधेलच असं धरून चालू नका, त्याची वेगळी परीक्षा घ्या.

दारूबद्दल स्पष्ट सांगते. दारूने झोप पटकन लागते हे खरं, पण पहिल्या अर्ध्या रात्रीत ती रेम झोप दाबते, आणि दारू उतरली की उरलेल्या रात्रीत रेम उसळून वर येते, झोप हलकी होते, मग पहाटे भडक स्वप्नं आणि जाग. ज्यांना पहाटेच त्रास होतो त्यांनी आधी हेच तपासावं. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक एकट्याने बंद करू नये, त्यात फिट येण्यापर्यंत धोका असतो, डॉक्टरांना विचारूनच करा.

कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. 2013 च्या एका प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या 400 मिलीग्रॅम कॅफिनने तासाभराहून जास्त झोप कमी केली होती. म्हणून दुपारनंतर बंद. कोल्ड्रिंक, एनर्जी ड्रिंक आणि डार्क चॉकलेटही त्यात धरा. तिखटाचं म्हणाल तर पुरावा तोकडा आहे, 1992 च्या सहा तरुणांवरच्या छोट्या प्रयोगात रात्री तिखट सॉस आणि मोहरी खाल्ल्यावर अंगाची उष्णता वाढली आणि झोप बिघडली होती. तुमच्या वहीत दिसलं तर टाळा, नाहीतर खा.

व्हिटॅमिनच्या गोळ्या घेत असाल तर पाकीट वाचा. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात झोपण्याआधी 240 मिलीग्रॅम बी6 पाच दिवस दिल्यावर लोकांना स्वप्नं जास्त आठवायला लागली. मोठ्या माणसाची रोजची गरज दीड-दोन मिलीग्रॅमच्या आत असते, आणि मोठा डोस बरेच दिवस घेतला तर नसांना इजा होते, हातपाय बधिर होतात, त्यामुळे स्वप्नांसाठी मुद्दाम हे करून बघू नका.

आता जिथे वही पुरत नाही ते. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याला वाईट स्वप्न, भिजलेले कपडे आणि सकाळी डोकेदुखी असं एकत्र होत असेल तर रात्री साखर उतरत असू शकते. जाग आल्यावर लगेच मोजा, 70 च्या खाली असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा आणि डॉक्टरांना कळवा. बीपीची बीटा ब्लॉकर औषधं, डिप्रेशनच्या काही गोळ्या, दम्याची मॉन्टेलुकास्ट, निकोटिनचा पॅच, यांनीही भयानक स्वप्नं पडू शकतात, पण गोळी मनाने बंद करायची नाही, नवीन गोळी सुरू झाली ती तारीख वहीत दाखवून विचारायचं. झोपेत हातपाय झाडणं, स्वप्नातली मारामारी खरोखर करणं, घोरता घोरता श्वास अडकणं, यापैकी काही असेल तर खाण्याचे प्रयोग बाजूला ठेवा आणि आधी तपासून घ्या.

आणि एकच भयानक स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल, विशेषतः एखाद्या धक्क्यानंतर, तर ते जेवण बदलून जाणार नाही. त्यासाठी वेगळी पद्धत आहे, दिवसा जागेपणी ते स्वप्न लिहायचं, त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा आणि ते नवीन स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांपुढे आणायचं. याचा बऱ्याच जणांना खरंच फायदा होतो. धक्का मोठा असेल तर एकट्याने न करता मानसोपचार करणाऱ्या माणसाबरोबर बसून करा, आणि सुरुवात सगळ्यात भयंकर स्वप्नाने न करता जरा सौम्य स्वप्नाने करा.